अविनाशदादाचे तीन कंपायलर

दूध नासलंय का हे ठरवायला अविनाशदादाला तीन माणसं लागत. आधी तो स्वतः वास घेई, मग मला घ्यायला लावी, आणि शेवटी कुंपणावरून शेजारच्या मॉरीनबाईंपुढे बाटली धरी. त्या लांबूनच "ग्रँड!", म्हणजे तिथल्या बोलीत 'झकास', म्हणून मोकळ्या होत. "एकट्याचं कधी खरं मानायचं नाही," हे दादाचं पालुपद.

परदेशात, कॉर्क शहरातल्या त्या घरात आम्ही दोघंच भाडेकरू. मी हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर, तो सॉफ्टवेअरवाला. दोन हजार वीस साली त्याचं ऑफिस स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं आणि त्याचे उद्योग मला दिसायला लागले. फायली दाबून लहान करणारी एक लायब्ररी होती, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येणारा कोडचा गठ्ठा. जगाने ती तयार घेतली असती. हा तिचा सोर्स, म्हणजे मूळ लिखाण आणून ती घरी बांधायचा, तीही तीन कंपायलर वापरून. कंपायलर म्हणजे माणसाचं लिखाण यंत्राला कळेल असं करून देणारा प्रोग्राम.

"पहिला गप्प बसतो, दुसरा कुरकुरतो, तिसरा अंगावर येतो. तिसरा आपला माणूस!"

मी कोविड वॉर्डातून येऊन भात लावायचो आणि तो मला तिसऱ्याच्या तक्रारी वाचून दाखवायचा.

हिवाळ्यात सांगलीला त्याची आई गेली. जाणं शक्यच नव्हतं. अंत्यसंस्कार त्याने फोनवर पाहिले. मध्येच चित्र गोठलं, ते गोठलेलंच राहिलं. मग तो उठला आणि कपाटातले सगळे कप काढून पुसत बसला.

वडिलांशी, नानांशी, त्याचं बोलणं आजवर आईमार्फतच चालत आलेलं. आता रोज दुपारी फोन व्हायचा. "जेवलात?" "हो. तू?" "हो." मग फोन नुसताच चालू राही. नानांना बहुधा आमचा पाऊस ऐकू जात असेल.

शेवटी दादाने नानांना, निवृत्त गणिताच्या मास्तरांना, त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर तीच लायब्ररी बांधायला बसवलं. नाना स्क्रीनचे तिरपे फोटो पाठवू लागले.

"अरे, हा पुन्हा अडला!"

"काय म्हणतोय तो, वाचा ना."

"उद्धट बोलतोय रे!"

तासतासभर चाले. अखेर एका दुपारी तिन्ही कंपायलर मुकाट्याने पार पडले. "झालं रे!" नाना ओरडले. दादाने टाळ्या वाजवल्या. फोन ठेवल्यावर मात्र माझ्याकडे बघून म्हणाला, "आता काय बोलायचं?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा "जेवलात?" आणि पाऊस.

त्याच्या दुसऱ्या दिवशी नानांचा फोटो आला. सगळं मोडलं होतं. मी दादाच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. त्याने बोट ठेवलं तिथे, फायलीच्या सुरुवातीची एक ओळच नव्हती.

"अशी आपोआप जाते?" मी हळूच विचारलं.

"नाही. कुणीतरी पुसावी लागते."

फोनवर नाना खाकरले. "काय रे, फार अवघड आहे का?"

दादाने चष्मा काढला, बाहीने डोळे पुसले.

"अवघडच दिसतंय, नाना," तो म्हणाला. "वेळ लागेल. बसा निवांत."