मोकळेपणाचा पाळीतक्ता

समाजातून एखादी वाईट गोष्ट समूळ नाहीशी करायची असेल, तर ती आपल्याकडे नाही असे प्रथम लेखी द्यावे लागते. मनाच्या आजाराभोवतीची लाज दूर करण्याचे ठरले, तेव्हा वजन-मापे तपासणी कार्यालयाने हेच शहाणपण दाखवले. 'आमच्याकडे कोणीही मनोरुग्ण नाही, सबब कोणाला कोणाची लाज वाटण्याचा प्रश्न उद्भवत नाही,' असे पत्र पहिल्याच दिवशी वर गेले. वरून उत्तर आले की पत्र उत्तम आहे; परंतु 'कलंकमुक्त कार्यालय' हा पितळी फलक हवा असल्यास निदान बारा कर्मचाऱ्यांनी मन मोकळे करणे आवश्यक आहे.

कार्यालयात माणसे बाराच होती. साहेबांनी पाळीतक्ता काढला.

जिन्यात, पाण्याच्या यंत्राजवळ आणि प्रसाधनगृहात 'बोला, आम्ही ऐकतो आहोत' अशी भित्तिपत्रके लागली. (प्रसाधनगृहातले दुसऱ्या दिवशी काढण्यात आले.) दररोज साडेतीन ते पावणेचार एकाने मोकळे व्हायचे. रजेवर असल्यास मोकळेपणा आपसात बदलून घेण्याची मुभा होती. कोणाची ऐनवेळी अडचण होऊ नये म्हणून मान्य दुःखांचे परिशिष्टही जोडले होते: परीक्षेच्या वेळचे दडपण (स्वतःचे अथवा अपत्याचे), बदलीच्या आदेशाने लागलेली हुरहूर (आदेश रद्द झाला असल्यास), पाळीव प्राण्याचे निधन. दुःख संपलेले असावे, शेवट गोड असावा आणि त्यात औषधांची नावे नसावीत, अशी तळटीप होती.

पहिल्या अकरा दिवसांत अकरा जण वेळेवर मोकळे झाले. सहा जणांना परीक्षेचे दडपण होते, तिघांची बदली रद्द झाली होती, एकाचा पोपट गेला होता, आणि साहेबांना 'जबाबदारीचा एकटेपणा' होता. (हे दुःख परिशिष्टात नव्हते; त्याच संध्याकाळी घालण्यात आले.)

बारावा दिवस तपासनिसांचा होता.

तपासनीस हा या कार्यालयातला सर्वांत शांत माणूस. आतल्या थंड खोलीत एक लोखंडी कपाट होते आणि त्याची किल्ली त्यांच्याकडे असे. कपाटात मखमलीच्या खळग्यांत प्रमाण वजने निजलेली असत. शहरातल्या प्रत्येक दुकानातले वजन खरे की खोटे, ते या वजनांशी ताडून ठरे. तपासनीस त्यांना उघड्या हाताने कधी शिवत नसत. मऊ कातड्याच्या तुकड्यात धरून, श्वास रोखून, ते किलोचे वजन तराजूच्या पारड्यात ठेवत आणि काटा थांबेपर्यंत तेही थांबत. दिवसभरात त्यांना खरोखर बरे वाटत असे ते एवढ्याच वेळात.

त्या दिवशी सकाळी बायकोने त्यांना अखेरचे समजावून पाहिले.

"अहो, परिशिष्टात प्राणी चालतो ना? मांजर गेलं म्हणून सांगा."

"आपल्याकडे मांजर कधी होतं?"

"तुम्हाला ऐकू यायचे ते आवाज तरी कुठे होते? त्यापेक्षा मांजर बरं."

तपासनीस हसले. पण ज्याने आयुष्यभर वजनात खोट चालू दिली नाही, त्याला खोटे मांजर जमण्यासारखे नव्हते. साडेतीन वाजता त्यांनी उभे राहून सांगितले की, चार वर्षांपूर्वी ते सात आठवडे मनोरुग्णालयात होते. कानात आवाज येत. आता येत नाहीत. रोज सकाळी नऊ वाजता एक पांढरी गोळी घ्यावी लागते आणि ती बहुधा कायम घ्यावी लागेल.

पंख्याचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला. मग टाळ्या पडल्या, पोपटाला पडल्या त्यापेक्षा जास्त वेळ. सर्वांनी टाळ्या चालू ठेवल्या, कारण त्या थांबल्यावर काय करायचे ते कोणाला ठाऊक नव्हते.

येथे कार्यालयाची बाजू मांडणे न्याय्य ठरेल. तपासनिसांच्या सेवापुस्तकात त्या सात आठवड्यांची नोंद 'कावीळ' अशी होती. म्हणजे चार वर्षे ती किल्ली काविळीतून उठलेल्या माणसाकडे होती आणि कोणालाही काळजी वाटली नाही. उलट लोक त्यांना तेलकट न खाण्याचा प्रेमळ सल्ला देत. आता सल्ले बंद झाले आणि सहानुभूती सुरू झाली. त्यांचे टेबल खिडकीपासून दूर नेण्यात आले (मजला पहिलाच होता). कागद कापायचा चाकू त्यांच्या टेबलावरून आस्थापनेच्या बाईंच्या टेबलावर गेला. त्यांच्याशी सगळे सावकाश आणि थोडे मोठ्याने बोलू लागले.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावले. "आम्हाला तुमचा अभिमान आहे," साहेब म्हणाले. "किल्ली तेवढी द्या."

"गैरसमज नको हं, भाऊ," आस्थापनेच्या बाई म्हणाल्या. "तुमच्या काळजीपोटीच. तपासणी तुम्हीच करायची, कपाट फक्त भांडारपाल उघडतील."

भांडारपाल हौशी होते. फलक प्रदान करायला पाहुणे येणार, तेव्हा कपाट उघडून दाखवले जाणार, म्हणून त्यांनी सगळी प्रमाण वजने आधी पॉलिश पेपरने घासली आणि नंतर पेस्ट लावून लख्ख केली. "चार वर्षं काय करत होतात हो? काळी ठिक्कर पडली होती," ते तपासनिसांना म्हणाले. तपासनीस त्या झळाळत्या किलोकडे पाहत राहिले. ओळखीचा माणूस सालटे काढून समोर उभा केल्यासारखे त्यांना वाटले.

फलक लागला. पुढच्या आठवड्यात अकरा दुकानदार आपापली वजने घेऊन आले आणि अकराही वजने गेल्या वर्षीच्या नोंदीपेक्षा तीनशे मिलिग्रॅमने जड भरली. तपासनिसांनी टिपण लिहिले: अकरा दुकानांतली वजने एकाच आठवड्यात सारखीच जड होत नसतात, हलका झाला आहे तो आपला किलो. दुकानदारांनी आपली वजने त्याच्याशी जुळवण्यासाठी घासून घेतली, तर शहरात प्रत्येक किलोमागे तांदळाचे पंधरा दाणे कमी पडतील. तपासणी तत्काळ थांबवावी.

साहेबांनी टिपण दोनदा वाचले आणि हळुवारपणे विचारले, "झोप लागते ना नीट?"

"लागते, साहेब. किलो हलका झालाय."

"असं तुम्हाला वाटतंय."

"तराजूला वाटतंय, साहेब."

साहेबांनी आस्थापनेच्या बाईंकडे पाहिले. टिपण तांत्रिक शाखेकडे न जाता कर्मचारी कल्याणाच्या फाइलीत गेले, आणि त्यावर शेरा पडला: 'किलो हलका असल्याबाबत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे.' तपासनिसांनी तेही आणले. डॉक्टरांनी लिहिले होते की रुग्णाची प्रकृती उत्तम आहे, ते काम करण्यास पूर्ण सक्षम आहेत. किलोविषयी मात्र आपल्याला काही माहिती नाही. त्याखाली दुसरा शेरा पडला: 'डॉक्टरही खात्री देत नाहीत. फाइल बंद.'

अकराही दुकानदारांना वजने घासून आणण्याच्या नोटिसा गेल्या. नोटिसांवर तपासनिसांची सही लागत असे; ती त्यांनी केली नाही. भांडारपालांची चालली.

त्या संध्याकाळी तपासनिसांनी घरी सगळे सांगितले. बायको तांदूळ निवडत होती. चार वर्षांपूर्वी सात आठवडे रोज दोन वाहने बदलून रुग्णालयात येणारी, गोळीची वेळ त्यांच्याआधी आठवणारी तीच बाई. तिने पूर्ण ऐकून घेतले. मग ताटातला हात थांबवून विचारले, "अहो, पण खरंच हलका झालाय का?"

 तपासनिसांनी उठून दिवा लावला.

तिच्यावर रागावू नये. किलो हलका झाल्याचे वाचताना आपणही एकदा थबकलातच. अकरा दुकानदारांचे गणित मनाशी पुन्हा जुळवून पाहिलेत. कावीळ झालेल्या माणसाने सांगितले असते तर पाहिले नसते. त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. कार्यालयाकडे आणखी पुष्कळ फलक शिल्लक आहेत आणि आपल्या दारावर एक लावण्यास कोणाची हरकत असणार नाही. अर्जाचीही गरज नाही, पात्रता वर सिद्ध झालीच आहे.

फलक पितळी आहे. तेवढा घासून लख्ख ठेवावा.