सतरा नंबरची बशी

समुद्राचा अभ्यास समुद्रापासून लांब बसूनच निःपक्षपातीपणे करता येतो. म्हणून आमचे सागरी जिवाणू संशोधन केंद्र बेळगावात, अनगोळला आहे. समुद्र कारवारहून बसने, कॅनमधून येतो.

कॅनमधल्या चिखलातला कोणता जिवाणू औषधी द्रव्य तयार करतो, हे शोधण्याचे काम वडगावच्या विणकर घरातल्या रचनाकडे होते. पद्धत सोपी आहे. काचेच्या बशीत रोगाचे जंतू वाढवायचे आणि मधोमध समुद्राचा जिवाणू ठेवायचा. त्याच्याभोवतीचे जंतू मेले, की स्वच्छ कडे दिसते. तीन वर्षे, कारवारच्या एकोणीस खेपा आणि एक्केचाळीस बशा झाल्यावर सतरा नंबरच्या बशीत एक कडे उमटले. कुठल्याच औषधाला दाद न देणारे जखमेतले जंतू त्या जिवाणूने मारले होते. रचना त्या दिवशी जेवायचे विसरली. (जिवाणूचा दुसरा नमुना जपून ठेवता आला नाही, कारण फ्रीजरमध्ये पाहुण्यांसाठी कुंद्याची मिठाई होती.)

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी वडगावात मागाचा धोटासुद्धा हलत नाही. हत्यारे पूजायची असतात. केंद्राचे शिपाई आण्णाप्पा यांनी तराजू पूजले, सूक्ष्मदर्शक पूजला, आणि मग एकेका बशीचे झाकण काढून आत चिमूटभर हळद वाहिली.

"झाकनावर वाहिली तर आतल्याला कसं कळंल?" असे ते म्हणाले. यावर विज्ञानाकडे अद्याप उत्तर नाही.

तिसऱ्या दिवशी एक्केचाळीसही बशांत कडी दिसली. यशाचे प्रमाण अडीच टक्क्यांवरून थेट शंभरावर गेले.

"सर, ही हळद हाय," रचना संचालकांना म्हणाली. "माझा जिवाणू मेलाय."

"सगळ्या बशा व्हय म्हणाय लागल्यात, आन् तू एकटीच न्हाय म्हणाय लागलीस गं," संचालक मायेने म्हणाले. वर्तमानपत्रांना बातमी आधीच गेली होती.

रचनाने अहवालावर सही केली नाही, म्हणून तिचे नाव वगळावे लागले. ती अजून कॅन घेऊन कारवारला जाते. तो जिवाणू पुन्हा सापडलेला नाही. मला त्याचे वाईट वाटते, पण अहवालात त्यासाठी रकाना नाही.

अहवालावरून बनवलेल्या गोळीची चाचणी चिकोडीत झाली. सहाशे जणांनी ती गरम दुधातून घेतली. पाचशे ब्याण्णव जणांचा खोकला थांबला. (उरलेल्या आठांना खोकला नव्हता.) गोळीचा पिवळेपणा खोल समुद्रातला आहे, असे माहितीपत्रकात स्पष्ट केले आहे.

हा मजकूर वाचून आजवर दोनशे चौदा वाचकांनी केंद्राला फोन केला. गोळी कुठे मिळते, हे सर्वांनी विचारले. जखमेतल्या त्या जंतूंचे पुढे काय झाले, हे एकानेही विचारले नाही. तुमचा फोन दोनशे पंधरावा धरला आहे.