हमीच्या शब्दाचा न्याय

श्रीवाग्देवी साक्ष. शके सोळाशे चार, दुंदुभीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. ते दिवशी राजधानीत एका शब्दाचा न्याय जाहला, तो जैसा जाहला तैसा लिहिला आहे. पदरचे काही घातले नाही.

राज्यातील साळ्यांचे रंगीत शेले इंग्रज अडत्यांचे मार्फत स्पॅनिश मुलखात विकावे ऐसे ठरले, आणि अडत्यांनी इंग्रजीत जाहिरात लिहून दिली, आणि ती स्पॅनिश भाषेत करण्याचे काम सरकारचे दुभाषी गिरमाजीपंत यांजकडे आले. जाहिरातीत मुख्य बोल एकच, की रंगाची हमी आहे. पंतांनी दफ्तरातील दहा कोश काढिले, आणि दहाही कोशांत हमीस एकच स्पॅनिश शब्द मिळाला, मग पंतांनी तो निःशंक लिहिला. जहाज चौथे दिवशी सुटावयाचे होते.

मग साळ्यांचा मेहतर, म्हणजे जातीचा मुख्य, कोंडाजी याणे तो कागद बंदरी नेला, आणि डागडुजीस थांबलेल्या जहाजावरील खलाशांचा नाईक, फेलिपे नामे स्पॅनिश तांडेल, याजकडून वाचवून घेतला. तांडेल बोलिला की हा शब्द आम्ही देवळात नवस करताना म्हणतो, दुकानी कोणी म्हणत नाही. कोंडाजी तैसाच राज्याचा कारभार पाहणाऱ्या आईसाहेबांकडे गेला आणि अर्ज केला की वर्षाचे विणकाम या जहाजात चढते आहे, गिऱ्हाईक कागद वाचून हसले तर पुढील साली माग बंद पडतील.

आईसाहेबांनी आज्ञा केली की वतनाच्या तंट्यास गोतसभा बैसते तैशी या शब्दास बैसवावी. पंत उभे राहून बोलिले की शब्दास दहा साक्षी आहेत. मग कारकुनांनी दहाही कोश मांडून ताडून पाहिले, तो सातव्या पानावरील एक ओळ दहांतही एकाच ठिकाणी तुटलेली निघाली, आणि शोध घेता पहिला कोश मठातील एका पाद्रीने पापाची कबुली ऐकण्याच्या सोयीस केलेला ठरला. पुढील सर्व त्याच्याच नकला.

कोंडाजी बोलिला, "पंत, एकाच मागाचे दहा शेले दाखवून दहा साळी म्हणता काय?"

सभेत हसू जाहले. आईसाहेब हसल्या नाहीत. त्यांणी दहावा कोश हाती घेतला. "हा तुमचा. याच पोथीवर तुम्हांस पद मिळाले. वर लिहिले आहे, बाजार पाहून केला. कोणता बाजार, पंत?"

पंत बोलिले, "कोणताही नाही, आईसाहेब. नववा पाहून उतरून काढिला."

मग फेलिपेस बोलावून पुसिले की तुमचा दुकानदार काय म्हणतो. तो बोलिला की एका शब्दात कोणी म्हणत नाही. रंग गेला तर शेला घेऊन या, ऐसे म्हणतात. तेच त्याचे भाषेत लिहिले, आणि जहाज नेमल्या दिवशी सुटले, आणि पुढील साली माग चालले.

पंतांचे पद गेले, आणि त्यांस बंदरी बैसविले. आज्ञा ऐशी की नवा कोश करावा, त्यात शब्द ऐकावा तेव्हाच लिहावा, पुढे बोलणाराचे नाव, गाव व साल लिहावे, दोन मुलखांत दोन शब्द असतील तर दोन्ही लिहावे.

सारांश, जुन्या कोशात चार हजार शब्द होते. अकरा वर्षांनी पंत वारले तेव्हा नव्यात सहाशे चाळीस भरले. जुन्या कोशातील बाकीच्या शब्दांपुढे पंतांचे हस्ताक्षर आहे: अद्याप ऐकिला नाही.