षटकोनी पट्टी

मिस्त्रींना कीबोर्ड एकाच पट्टीत वाजवता येई, त्यामुळे त्यांच्या बायकोला लग्न झाल्यापासून त्याच पट्टीत गावं लागलं. संसारात ही गोष्ट खपून गेली. गायनवर्गात खपली नाही.

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे. कीबोर्ड ते आपले आपणच शिकले होते. पांढरी एकला सा धरायचा आणि तिथून पुढे फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवायच्या, एवढीच त्यांची विद्या. काळ्या पट्ट्यांना ते हात लावत नसत. "मधे मधे कशाला ठेवल्यात कोण जाणे," असं त्यांचं त्यांच्याबद्दलचं मत होतं. बायको घरी कपडे शिवायची. संध्याकाळी मशीन बंद झालं की हे वाजवायचे, ती गायची. वरच्या सुरांना तिच्या मानेच्या शिरा फुगायच्या. मिस्त्रींना वाटायचं, ती जीव ओतून गातेय.

त्यांच्याच इमारतीत, अगदी त्यांच्या खालच्या घरात बाईंचा गायनवर्ग चालायचा. बायको तिथे जायला लागली आणि महिन्याभरात बाईंनी तिला थांबवून घेतलं.

"आवाज तुमचाय, पट्टी तुमची नाही," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याच्या मापाचा कोट घालून फिरावं तशा गाता तुम्ही."

शिवणकाम करणाऱ्या बाईला याहून जास्त लागेल असं काही बोलता आलं नसतं.

"वर्गाच्या कार्यक्रमात एकटीनं गायची एक जागा आहे," बाई पुढे म्हणाल्या. "ती तुम्हाला द्यायचं माझ्या मनात आहे. पण स्वतःच्या पट्टीत गाणार असाल तर. साथ ज्याची त्यानं आणायची. नाही जमलं तर वर्गातली ती बँकवाली तयारच आहे."

बँकवाली सगळ्याला तयारच असायची. बायको जिना चढून घरी आली ती थेट मिस्त्रींसमोर उभी राहिली.

"अहो, माझी पट्टी कुठली?"

"म्हणजे काय? माझी तीच तुझी."

"तशी नसते म्हणे."

"मग इतकी वर्षं काय होतं?"

"तेच तर विचारतेय मी."

मिस्त्रींनी त्या दिवशी प्रथमच काळ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि तिथून गाणं सुरू करून बघितलं. दुसऱ्याच सुराला गाणं लिफ्ट अडकावी तसं अडकलं. सा बदलला की पुढची सगळी बोटं बदलतात, हे त्यांना माहीत नव्हतं. प्रत्येक पट्टीला गाणं नव्याने शिकायचं म्हणजे जन्म गेला असता. तेवढ्यात बँकवालीने गायलं असतं.

दुसऱ्या दिवशी एका बंद लिफ्टच्या खड्ड्यात बसून डबा खाताना त्यांना मोबाइलवर एक माणूस दिसला. त्याच्यासमोर मधमाशीच्या पोळ्यासारखा कीबोर्ड होता. काळी-पांढरी भानगड नाही, सगळ्या पट्ट्या सहा कोनांच्या आणि एकसारख्या. कुठल्याही पट्टीवरून उजवीकडे गेलं की रे, आणखी उजवीकडे ग. वर डावीकडे तिरकं गेलं की म, वर उजवीकडे तिरकं गेलं की प. सा कुठेही धरा, बाकीचे सूर त्याच्या शेजारी त्याच त्या जागी उभे. बोटांनी एकदा गाणं शिकलं की तोच हात उचलून दुसरीकडे ठेवायचा. गाणं तेच, उंची वेगळी.

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. ही तर लिफ्ट होती. केबिन तीच, मजला दुसरा.

असं वाद्य दुकानात मिळेना, तेव्हा ते घरी करायचं ठरलं. जुन्या कीबोर्डचं पोट फाडून मिस्त्रींनी आवाजाचं सर्किट काढलं. बटणं भंगारातल्या लिफ्टच्या पॅनेलमधली. वायरिंग तर त्यांचं रोजचं काम. प्रश्न राहिला सहा कोनांचा. तो आंघोळ करताना सुटला. बाथरूमच्या जमिनीला छोट्या षटकोनी फरशा होत्या, आणि उरलेल्या फरशांचं खोकं माळ्यावर पडून होतं.

"माझ्या मशीनचं लाकडी झाकण कुठाय?" बायकोने विचारलं.

"वाद्यात आहे."

"आणि ह्या फरशा?"

"त्यापण वाद्यातच जाणार."

"नळबिळ लावणार आहात का त्याला?"

 मिस्त्री एकेक फरशी एकेका बटणावर चिकटवत होते आणि शेवटी सहा-सात कमी पडणार हे त्यांच्या लक्षात आलं होतं. दुकानदार म्हणाला, हा माल आता बंद झाला. मग बायको कपडे पोचवायला बाहेर गेल्याचं बघून मिस्त्रींनी बाथरूममधली बादली बाजूला केली, कोपऱ्यातल्या फरशा छिन्नीने हलक्या हाताने उचलल्या आणि बादली परत जागेवर ठेवली. बादलीखाली कोण बघतंय, असा त्यांचा हिशेब होता. पाणी बघतं, हे त्यात राहून गेलं.

वाद्य मात्र फक्कड झालं. दाबलेली फरशी 'टक' करून खाली जायची आणि सूर निघायचा. मिस्त्रींनी नवी बोटं बसवायला घेतली. त्यांची संध्याकाळ त्यात जाऊ लागली, रविवारही जाऊ लागला. जुनी बोटं पुसली गेली आणि नवी बसली. आता बायकोची पट्टी तेवढी शोधायची राहिली होती.

ती काही सापडेना. मिस्त्री हात एक फरशी डावीकडे ठेवत, सा वाजवत, "हं, म्हण" म्हणत. बायको तोंड उघडायची आणि इतक्या वर्षांच्या सवयीने बरोबर पांढरी एकमध्ये शिरायची. हात उजवीकडे नेला तरी तेच. वाद्य फिरत होतं, गळा हलत नव्हता.

"तू त्याच मजल्यावर का उतरतेस?"

"तुम्हीच इतकी वर्षं तिथे सोडलंत मला," बायको म्हणाली. "आता म्हणताय घर दुसरीकडे आहे."

इकडे खाली बाईंच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं होतं. ते वर्गाच्या खोलीत, बरोबर मधोमध ठिबकत होतं. बाईंनी खाली पातेलं ठेवलं. छताचं त्यांना एवढं वाईट वाटलं नाही. पण थेंब ठेक्यात पडत नव्हता. कधी दोन एकदम पडायचे, कधी पडता पडता थांबायचे, आणि सगळा वर्ग थेंबाची वाट बघत गायला लागला. बँकवाली तर थेंबाबरोबर सम गाठायला बघू लागली. बाई उठल्या आणि तडक वर आल्या.

मिस्त्री वाद्यावर बसले होते. बाईंनी विचारलं नाही, सांगितलं नाही, बाथरूममध्ये जाऊन बादली उचलली. बाहेर आल्या, वाद्याकडे बघितलं. परत आत जाऊन जमिनीकडे बघितलं.

"हे काय आहे?"

"कीबोर्ड आहे," मिस्त्री म्हणाले.

"बरं. काळी चार द्या बघू."

"काळी नाहीये ह्यात. सगळ्या पांढऱ्याच आहेत."

"मग पांढरी चार द्या."

"कुठून मोजू?"

बाईंचा आवाज चढला. त्यांची स्वतःची पट्टी मुळातच वरची होती, ती आणखी वर गेली. छत भिजलं, वर्गाचा ताल गेला, आणि कशापायी, तर ज्याला काळी चार ठाऊक नाही अशा खोक्यापायी! असल्या घरातली साथ घेऊन कुणी कार्यक्रमात गाणार असेल तर ती जागा बँकवालीलाच दिलेली बरी.

बायको इतका वेळ दारात उभी होती. बाथरूमचं तिलाही आत्ताच कळलं होतं. पण तिला राग आला की ती ओरडायची नाही. तिचा आवाज खाली जायचा, जड आणि सपाट व्हायचा. मिस्त्रींना तो आवाज चांगला ओळखीचा होता. तो आला की ते घराबाहेर जायचे. आज दार अडलेलं होतं.

"बाई," ती म्हणाली, "तुमचं छत भिजलं आणि माझा गळा बसला. दोन्हीला कारण हा एकच माणूस आहे. माझी जागा का काढता?"

मिस्त्रींना कुठे बघावं कळेना, म्हणून त्यांनी फरशांकडे बघितलं. हाताला काहीतरी हवं म्हणून एक फरशी दाबली. नेहमीच्या 'सा'पासून ती बरीच डावीकडे होती. सूर निघाला आणि तो बायकोच्या शेवटच्या शब्दाला येऊन तंतोतंत चिकटला.

बाई बोलायच्या थांबल्या. त्यांनी हात वर केला. "परत म्हणा."

"माझी जागा का काढता?"

"ते नाही. त्याच्या आधीचं. माणसाचं."

"हा एकच माणूस आहे."

"रागावून म्हणा."

"त्याला काही करावं लागत नाही, बाई. हा एकच माणूस आहे!"

"मिस्त्री, दाबून धरा तो सूर. सोडू नका! आता ह्याच शब्दांवर एकेक सूर चढा. हा... ए... क..."

बाई विसरल्या की त्या भांडायला आल्या होत्या. पुढचा अर्धा तास त्या घरात 'हा एकच माणूस आहे' या वाक्याचे आरोह-अवरोह चालले. ते खालच्या 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंत चढलं, उतरलं, आणि शिर कुठलीच फुगली नाही. बायकोने त्या फरशीवर नेलपॉलिशचा ठिपका दिला. मिस्त्री वाजवत राहिले. एवढ्या वेळा दोष येऊनही तो इतका सुरेल असू शकतो, हे त्यांना नवीन होतं.

"जागा तुमची," जाताना बाई म्हणाल्या. "पण घसा फार ओढलाय तुम्ही. कार्यक्रमापर्यंत मोकळ्या आवाजात गायचं नाही. नुसतं गुणगुणायचं. आणि मिस्त्री, बाथरूम उद्या."

बाथरूम उद्याच झालं, सिमेंटने. बायको गुणगुणत राहिली आणि मिस्त्री मान खाली घालून फरशा मोजत साथ करत राहिले.

कार्यक्रमाच्या दिवशी मिस्त्री वाद्य टॉवेलात गुंडाळून सभागृहाच्या दाराशी आले. फरशांनी ते बरंच जड झालं होतं. दारवानाने टॉवेलाचं टोक उचलून बघितलं.

"बाथरूमचं काम आज नाही. आज गाणं आहे."

"हे गाण्याचंच आहे."

"असं सगळेच म्हणतात," दारवान म्हणाला. त्याला याआधी कोण असं म्हणालं असेल, याचा विचार करत मिस्त्री आत गेले.

पडद्यामागे बायको तयार उभी होती आणि बाई स्वतःचा कीबोर्ड मांडत होत्या. साधाच, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. मिस्त्रींचं वाद्य टेबलावर ठेवताना कुरकुरलं, तशा बाई काळजीत पडल्या.

"मिस्त्री, ऐन वेळी एखादी फरशी निघाली म्हणजे? तुम्ही आपले माझ्याच कीबोर्डवर वाजवा. ह्यांची पट्टी लावून देते." आणि त्यांनी एक बारीक बटण दोन-तीनदा दाबलं. "झालं. आता तुमच्या नेहमीच्या पांढऱ्या एकवरूनच वाजवा. निघेल ह्यांच्या पट्टीत."

मिस्त्री त्या बटणाकडे बघत राहिले.

"हे... ह्याच कीबोर्डला असतं?"

"छे, सगळ्यांनाच असतं. तुमच्या जुन्यालाही असेल की."

"तो फोडला मी," मिस्त्री म्हणाले.

 मिस्त्री निमूटपणे टॉवेलाच्या घड्या करू लागले. घड्या घालून झाल्यावर त्यांनी तो परत उलगडला आणि वाद्यावर पांघरायला घेतला. बायकोने टॉवेल त्यांच्या हातातून काढून घेतला.

"नको बाई, तुमचं राहू दे," ती म्हणाली. "ह्यांची जुनी बोटं गेली. आता ह्यांना दुसरं काही वाजवता यायचं नाही. आणि बाथरूम फोडून केलेली साथ कुणाला मिळते? आम्ही ह्याच्यावरच करणार."

पडदा उघडला. मिस्त्रींनी ठिपक्यावर बोट ठेवलं, सा दिला, पहिली ओळ वाजवली. बायकोने श्वास घेतला आणि मोकळ्या आवाजात गायला सुरुवात केली.

गाणं संपलं तेव्हा टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. बँकवालीनेही वाजवल्या. बाई डोळे पुसत पडद्यामागे आल्या. त्यांनी आधी बायकोचे हात धरले आणि मग मिस्त्रींकडे वळल्या.

"आणि मिस्त्री, तुमची साथ मानली मी. साथ असावी तर अशी. कुठे म्हणून गाण्याच्या आड आली नाही. आहे का नाही तेसुद्धा कळत नव्हतं."

मिस्त्रींनी मान लववून कौतुक घेतलं. बायको त्यांच्याकडे बघत होती. बाई गेल्यावर तिने टॉवेल पुढे केला.

"पहिल्या ओळीनंतर हात उचललेत तुम्ही."

"तुला कळलं?"

"न कळायला काय झालं? मी वाट बघत होते, आता येताय, मग येताय." तिने टॉवेलाचं टोक वाद्याखाली खोचलं. "विसरलात का?"

"नाही."

"मग काय करत होतात एवढा वेळ?"

मिस्त्रींनी वाद्य उचललं, कमरेवर टेकवलं आणि दाराकडे निघाले.

"कोण गातंय ते बघत होतो," ते म्हणाले.