पिंगळे काकांची तपासणी

पिंगळे काका आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी आमची फुलदाणी चाटली.

आधी विचारलं होतं म्हणा. "मॅडम, जरा बघू का?" असं म्हणत त्यांनी टीव्हीशेजारची पितळी फुलदाणी उचलली, तिच्यातली प्लॅस्टिकची फुलं माझ्या हातात दिली, तिला उलटी केली, टिचकी मारून कानाशी धरली आणि माझ्या डोळ्यांदेखत तिच्या बुडाला जीभ लावली. ही फुलदाणी साधीसुधी नव्हती. तोफेचा गोळा उडाल्यावर मागे जी पितळी पुंगळी उरते, तिची बनवलेली होती. माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या मामांनी ती दुसऱ्या महायुद्धातून थेट आफ्रिकेच्या वाळवंटातून आणली होती. निदान आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाला अण्णा तसं सांगत असत.

"मुरादाबादच्या कारखान्यातली," पिंगळे काका ओठ पुसत म्हणाले. "आणि फार जुनी नाही. तुमच्या लग्नाच्या आगेमागेची असेल."

अण्णा समोरच बसले होते. "अहो, माझ्या मामांनी स्वतः..."

"मामा कधी गेले?"

"मी कॉलेजात होतो तेव्हा."

"मग मामांचा काही दोष नाही," पिंगळे काका अण्णांची समजूत काढत म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

अण्णा चार दिवस जेवताना कुणाशी बोलले नाहीत. फुलदाणी अजून तिथेच आहे, पण तिची गोष्ट आता पाहुण्यांना कुणी सांगत नाही.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. तळेगावच्या आमच्या सोसायटीत पिंगळे काका समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. एकटेच. लग्न केलं नाही. इथल्याच एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर क्वालिटी विभागात काम केलं, म्हणजे दुसऱ्यांनी केलेला माल नापास करणं हाच त्यांचा धंदा. निवृत्त झाले, पण सवय निवृत्त झाली नाही. लढाईतलं जुनं सामान शोधायचं आणि ते खरं की खोटं ते ठरवायचं, हा त्यांचा नाद. पदकं, हेल्मेटं, होकायंत्रं, पाण्याच्या बाटल्या, बिल्ले, बूट, बटणं. खिशात कायम भिंग, लोहचुंबक आणि व्हर्निअर कॅलिपर. आणि तोंडात एकच वाक्य, "मॅडम, गेजला बसत नाही."

गेज म्हणजे कारखान्यातलं मापाचं साधन. त्यात बसला तर माल पास, नाही तर बाद. काकांच्या गेजला काहीच बसत नसे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पंधरा ऑगस्टला आपल्या आजोबांची संगीन मांडली होती, ती काकांनी झेंडावंदनानंतर सगळ्यांसमोर "रेल्वेच्या पट्टीपासून केलेली सुरी" ठरवली. सेक्रेटरींनी पुढच्या वर्षीपासून प्रदर्शनच बंद केलं. आता नुसता वडापाव असतो.

माझं दुर्दैव दुहेरी. एक तर मी शाळेत इतिहास शिकवते आणि दुसरं म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. नवऱ्याला रविवारीही शिफ्ट असते, तो सुटला. दर रविवारी सकाळी साडेआठला बेल वाजते. "मॅडम, कामशेतला एक हेल्मेट आलंय म्हणतात. मोकळ्या आहात ना?" मी मोकळी नसते. पेपर तपासायचे असतात, अण्णांना नाष्टा द्यायचा असतो. पण मी "नाही" म्हणेपर्यंत काका लिफ्ट धरून उभे असतात. लिफ्टचं दार ओरडायला लागतं. मग मीच चपला घालते.

लोणावळ्यात तर मला आता तोंड दाखवायला जागा नाही. तिथे एका हॉटेलवाल्याने लॉबीत जर्मन हेल्मेटं टांगली होती. पर्यटक डोक्यात घालून फोटो काढायचे. काकांनी एक काढलं, स्वतःच्या डोक्यात घातलं, आतून बोट फिरवलं आणि भरल्या लॉबीत जाहीर केलं, "सिनेमासाठी केलेलं आहे. वेल्डिंग बघा, आपल्या भोसरीचा माल वाटतो." फोटो काढणारी मंडळी हिरमुसली. मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, वडलांना जरा सांभाळा." ते माझे वडील नाहीत हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर वडील होकायंत्रांच्या कपाटापाशी पोचले होते.

होकायंत्रांची तर वेगळीच कथा. चिक्कीच्या दुकानांच्या ओळीत एक जण "ब्रिटिश आर्मीचं ओरिजिनल" म्हणून पितळी होकायंत्रं विकतो. काकांनी त्याची सहा होकायंत्रं काउंटरवर ओळीनं मांडली. सहांनी सहा वेगवेगळ्या उत्तर दिशा दाखवल्या.

"यातली खरी उत्तर कुठली?" काकांनी विचारलं.

"काका, गिऱ्हाईकाला कुठं जायचंय उत्तरेला?" दुकानदार म्हणाला. "शोकेसमध्ये ठेवायचं असतं त्याला."

मला त्या दुकानदाराचं म्हणणं शंभर टक्के पटलं. गाडीत मी काकांना तसं सुनावलंही. "काका, लोक हौसेनं घेतात. तुम्हाला काय मिळतं त्यांचा हिरमोड करून?" काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खोटं ते खोटंच ना, मॅडम." आणि खिशातून चुंबक काढून माझ्या गाडीच्या किल्लीला लावून पाहिलं.

तर अशी अकरा वर्षं. या अकरा वर्षांत काकांच्या स्वतःच्या घरात एकही वस्तू जमा झाली नाही. माणसाला नाद असतो तेव्हा निदान कपाट तरी भरतं. यांच्या काचेच्या कपाटात बँकेची कॅलेंडरं आणि होमिओपॅथीच्या बाटल्या. सगळंच नापास, तर ठेवणार काय?

मग गेल्या हिवाळ्यात कामशेतला तो दिवस आला.

तिथे इस्माईलभाई म्हणून भंगारवाले आहेत. काका आले की ते एक पत्र्याचा डबा पुढे सरकवतात आणि आपल्या कामाला लागतात. डब्यात गंजकी कुलपं, तुटके नळ, बिजागऱ्या. काका त्यात हात घालून बसले आणि मी शेजारच्या टपरीवर चहा सांगितला. चहा आला तरी काका हलेनात. त्यांच्या तळहातावर एक मळकट, पांढुरकी चकती होती. फीत कधीच गेलेली. ते भिंग लावून तिची कड वाचत होते. चाटली नाही, टिचकी मारली नाही, कॅलिपर खिशातच.

"काय झालं?" मी विचारलं.

"खरं आहे," काका म्हणाले.

हा शब्द मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकत होते. एकाहत्तरच्या लढाईत भाग घेतलेल्या जवानांना मिळालेलं पदक होतं ते. कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं. आडनाव आपल्या मावळातलंच. मला वाटलं, आता हा माणूस नाचेल. निदान पेढे तरी. पण काकांचा चेहरा उतरला होता.

"नाव आहे यावर," ते म्हणाले. "म्हणजे घर आहे. इस्माईलभाई, हे आणलं कुणी?"

"पवना धरणाच्या बाजूची म्हातारी आहे ना, चांगुणाबाई. बाजाराच्या दिवशी भांडी घेऊन आली, त्याच्यात होतं."

"चुकून आलं असणार. परत द्यायला हवं. मॅडम, लांब नाही, पाऊण तास."

माझे दोन वर्गांचे पेपर घरी पडले होते. मी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि गाडी चालू केली.

चांगुणाबाई ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या, ताठ. काकांनी रस्ताभर मनात घोळवलेलं भाषण सुरू केलं. "मावशी, तुमची एक मौल्यवान वस्तू नजरचुकीनं भंगारात गेली होती." आणि रुमालात गुंडाळलेलं पदक पुढे धरलं.

मावशींनी पाहिलं. सुपातला हात थांबला नाही. "चुकून न्हाई गेली, भाऊ. मीच दिली."

"अहो, पण हे खरं आहे!" काका जवळजवळ ओरडले. "लढाईतलं आहे. अगदी खरं!"

"खरं हाय त्ये मला ठावं न्हाई व्हय? माज्या मालकाचं हाय. खरं हाय म्हनून तर दिलं." मावशींनी एक खडा वेचून बाहेर टाकला. "लढाईवनं आलं त्ये एका कानानं बहिरं हून आलं. दिवाळीत फटाकं वाजलं की गोठ्यात जाऊन म्हशीच्या गळ्यात हात टाकून बसायचं. हे कंदी छातीला लावलं न्हाई त्यांनी. डब्याच्या तळाला असायचं. आता मालक गेलं, म्हशी बी गेल्या. म्या म्हनलं, हे तरी कशाला ऱ्हाऊ द्यायचं?"

काकांनी पदक परत रुमालात गुंडाळलं. मावशींनी विचारलं, "तुमचं कोन व्हतं लढाईत?"

"नाही हो, यांना आपला नुसता नाद आहे," मी म्हणणार होते.

"भाऊ होता," काका म्हणाले. "थोरला. शरददादा. त्याच लढाईत गेला."

अकरा वर्षांत मी हे नाव ऐकलं नव्हतं. काका ओसरीच्या कडेला टेकले आणि कुणी विचारलं नसताना सांगू लागले.

"मी नऊ वर्षांचा होतो. दादाची ट्रंक घरी आली. आईनं उघडली. बूट निघाले, ते आठ नंबरचे. दादा सहा नंबर घालायचा. त्याचे जुने बूट माझ्यासाठी ठेवले होते, त्यावरचा आकडा मी रोज बघायचो. स्वेटरवर दुसऱ्याच कुणाची अक्षरं शिवलेली. आणि एक घड्याळ. दादाकडे घड्याळ नव्हतंच. त्या धावपळीत ट्रंका बदलल्या असतील. कुणाला बोल लावणार?"

"आईला सांगितलं?" मी विचारलं.

"नाही. वडलांच्याही लक्षात आलं होतं, तेही बोलले नाहीत. आई दर रविवारी ते बूट बाहेर काढायची. पॉलिश करायची, उन्हात ठेवायची, परत आत ठेवायची. चाळीस वर्षं. मग आई गेली. घर आवरताना मी ट्रंक उघडली, एकेक वस्तू तपासली. यातलं काहीच आपल्या दादाचं नाही, मग ठेवायचं कशाला, असं म्हटलं आणि पुण्याला जुन्या बाजारात देऊन आलो. पंधरा दिवसांनी परत गेलो. नव्हती. तेव्हापासून बघतोय. जुन्या बाजारात, भंगारात, जिथं कुठं लष्कराचं सामान आलंय म्हणतात तिथं."

"काय बघताय? दादाची खरी ट्रंक?"

"नाही हो, मॅडम. तेच. आठ नंबरचे."

चुलीवर काहीतरी उतू गेल्याचा वास आला, पण मावशी उठल्या नाहीत. "चाळीस वर्सं मायनं पालिश केलं," त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजे त्ये तिच्या पोराचंच झालं की, भाऊ."

काकांनी मान हलवली. हे त्यांना आधीच माहीत होतं, इतकंच.

मग मावशींनी सूप खाली ठेवलं आणि हात पुढे केला. "आना त्ये हिकडं. माजा नातू हिंजवडीला कामाला हाय. आज त्याला आज्याचं काय बी नगं. उद्या वय झालं की तुमच्यावानी धुंडत हिंडंल."

पदक घेऊन त्या पदरानं खसाखसा पुसू लागल्या. जुना धातू पुसायचा नसतो, हे काकांनी मला हजार वेळा ऐकवलंय. त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मावशींनी पदक कोनाड्यात ठेवलं आणि आम्हाला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. भाताबरोबर काळ्या वाटाण्याची उसळ होती. काका दोनदा भात घेऊन जेवले.

परत येताना कामशेत मागे पडलं. मी रेडिओ लावला नाही. वडगावच्या अलीकडे ते एकदम म्हणाले, "शरददादा गायचा फार भयंकर."

"म्हणजे कसा?"

"बेसूर. आणि मोठ्यानं. आंघोळीला बसला की शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. आई म्हणायची, याला फौजेत पाठवा, तिथे ओरडायचे पैसे मिळतात." काका हसले. मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण तेव्हा कुणाचं तरी काहीतरी नापास झालेलं असायचं. हे हसू वेगळं होतं. मग दादाचं पोहणं आलं, दादाचं गणितात नापास होणं आलं, नऊ वर्षांच्या भावाला खांद्यावर घेऊन दादानं ओढा कसा ओलांडला ते आलं.

तळेगावचं वळण आलं तेव्हा दादा ओढ्याच्या मध्यावर होता. मी गाडी वळवली नाही. सोमाटणे फाट्यावरूनही घरी जाता येतं, जरा लांबून. पेपर पडलेले होते, अण्णा वाट बघत होते. मी वेग थोडा कमी केला आणि विचारलं, "मग? पलीकडे पोचलात का?"