मधला बर्नर

ताडआळीत नरकाचा गॅस आला तेव्हा पहिलं कनेक्शन हर्मिनाबाय कुटिन्होने घेतलं. तिला गॅसची तशी काही घाई नव्हती. एकटी बाई, दोन वेळचा भात आणि कधीमधी बोंबलाचं कालवण. पण आळीत एखादी नवी गोष्ट यावी आणि ती आधी दुसऱ्याच्या घरात शिरावी, असं तिच्या हयातीत झालं नव्हतं.

योजना सरळ होती. खाली आग आहे, ती विझत नाही, आणि आजवर ती फुकट जात होती. आता कंपनीने पाइप टाकले होते. चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली, तेव्हा कंपनीचा सुपरवायझर राऊत याने सगळ्यांना नीट समजावून सांगितलं.

पास्कोल मास्तरांनी हात वर केला. "नरकाचीच का? शुद्धिस्थानातली आग घेतली असती तर? ती जरा आपल्यातली वाटते."

"तिचा भरवसा नाही, मास्तर," राऊत म्हणाला. "तुम्ही लोक मेलेल्यांसाठी मिस्सा वाहता, माणसं सुटतात, की दाब पडला. नोव्हेंबरात, तुमच्या मृतांच्या महिन्यात, तर लाइन पार बसते. आधण ठेवलं तर उकळी येत नाही."

"आणि तुमच्या लोकांचा नरक?" मागून कुणीतरी विचारलं.

"आमचा मुदतीचा. मुदत संपली की माणूस पुन्हा जन्माला. पाइपलाइनला असं चालत नाही. तुमचं कसं, कायमचं आहे."

हे ऐकून हॉलमध्ये जरा बरं वाटल्यासारखं झालं. फादर रेमंड म्हणाले, धर्मसभेची काही हरकत नाही. आग न्यायाची आहे. तिच्यावर भात शिजवणं पाप नाही, शिजवलेला भात टाकून देणं पाप आहे.

हर्मिनाबायने एकच प्रश्न विचारला. "आम्ही वापरला नाही, तर तो गॅस जातो कुठे?"

"जात नाही. तिकडेच राहतो."

"त्यांच्या अंगावर?"

"आम्ही त्याला शिल्लक म्हणतो," राऊत म्हणाला.

ज्योत चांगली होती, निळी आणि एकसारखी. आवाजाचं मात्र कुणी आधी सांगितलं नव्हतं. आग सगळीकडे एकच, पण खालच्या माणसांचे आवाज ज्याच्या त्याच्या सवयीच्या शेगडीवर येत. जोकीम सावकार मेला त्याला किती वर्षं झाली, पण नाक्यावरच्या वडेवाल्याची भट्टी पेटली की तंतोतंत त्याच्यासारखी खाकरायची. वडेवाला आधी दचकला, मग म्हणाला, "जिवंतपणी उधारीवर खायचा, आता राबतोय." आळीतल्या विधवा पहिले काही दिवस शेगडीला कान लावून बसल्या. काही ऐकू आलं नाही, तेव्हा त्यांनी देवाचे आभार मानले. दोघीतिघींना मात्र जरा अपमान झाल्यासारखा वाटला. एवढं छळलं मेल्याने, आणि तो वर?

हर्मिनाबायची शेगडी मुकी होती. तिचा नवरा संतान स्वभावाने इतका गरीब होता की तो कुठे गेला असेल याबद्दल आळीत कुणाला शंका नव्हती. तिचं लक्ष शेजारी होतं. तिच्या आणि रेजिनाच्या स्वयंपाकघरात एकच भिंत, आणि त्या भिंतीतून हल्ली दिवसभर शीळ ऐकू यायची. दोन आखूड, एक लांब, शेवटी वर चढलेली.

ती शीळ आळीतल्या कुत्र्यांनासुद्धा पाठ होती. रेजिनाचा मुलगा मेल्विन गॅरेजातून घरी यायचा तेव्हा रस्त्यावरच्या दगडी कुरसाजवळच्या वळणावर तशी शीळ घालायचा. आईने दार उघडून ठेवावं म्हणून. मेल्विनला पुरून मात्र आता बरेच महिने झाले होते.

हर्मिनाबाय नारळ मागायच्या निमित्ताने गेली. रेजिना शेगडीपुढे स्टुलावर बसली होती. तिन्ही बर्नर पूर्ण उघडे, आणि वर काही नाही. ना पातेलं, ना तवा. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते.

"अगो बाय, हे काय? रिकामी शेगडी?"

"रिकामी कुठाय?" रेजिना म्हणाली. डावीकडच्या लहान बर्नरवर शीळ चालली होती. "मी जेवढा इकडे ओढीन, तेवढा तिकडे कमी. राऊतच म्हणाला ना."

हर्मिनाबायने खाली बसून ऐकलं. मेल्विनच होता. 

मेल्विन वाईट नव्हता. अर्ध्या आळीच्या स्कूटर त्याने फुकट दुरुस्त केल्या होत्या. त्याचं झालं एवढंच, की त्याच्या काकाने, सिमावने, वाडीचं कुंपण रातोरात रेजिनाच्या केळींत सरकवलं. पुढच्या रविवारी मिस्सेमध्ये शांतीची खूण म्हणून एकमेकांचे हात धरायची वेळ आली, तेव्हा सिमावने पुतण्यापुढे हात केला आणि मेल्विनने आपला हात खिशात घातला. हर्मिनाबाय दुसऱ्या बाकावर होती. तिने हे पाहिलं, कारण ती सगळंच पाहायची. त्या दिवशी दुपारी पुलाच्या वळणावर त्याची मोटारसायकल घसरली, आणि मनातली अढी तशीच घेऊन तो गेला. दिलजमाईसाठी त्याला सकाळ ते दुपार एवढाच वेळ मिळाला होता, आणि तो त्याने अंगणात सुकेळी खाण्यात घालवला.

"पण कुंपण तर सिमावने सरकवलं," रेजिनाने फादरना विचारलं होतं.

"सिमावने त्याचं पापनिवेदन केलं," फादर म्हणाले. ते मनापासून दुःखी दिसत होते. "मेल्विनसाठी मिस्सा वाहता आली असती, पण तो शुद्धिस्थानात नाही. जिथे तो आहे तिथे मिस्सा पोचत नाही."

"मग काय पोचतं?"

फादर विचार करून म्हणाले, "काही नाही."

रेजिनाने आधी पाण्याचा उपाय करून पाहिला होता. नरकातल्या माणसाला जिभेवर एक थेंब हवा असतो, हे तिने लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलं होतं. म्हणून ती मेल्विनच्या बर्नरवर गार पाण्याचं पातेलं ठेवायची. ते आटलं की दुसरं. पाणी कमी होतंय म्हणजे तो पितोय, असं तिला वाटायचं. मग एक दिवस डोक्यावर टपकन काहीतरी पडलं. तिने वर पाहिलं, तर छत ओलंचिंब.

"वरच जातं गो सगळं," ती हर्मिनाबायला म्हणाली. "ज्यांना तहान नाही त्यांच्याकडे."

त्या दिवशी नारळ मागायचा राहूनच गेला. हर्मिनाबाय घरी आली आणि तिने आपले दोन्ही बर्नर उघडले. मग तिला वाटलं, दोन बर्नरनी काय होतंय? ती चपला घालून बाहेर पडली.

घरोघरी फिरणं तिला नवीन नव्हतं. मे महिन्यात मरियेची मूर्ती कुणाकडून कुणाकडे जाणार, कुणाकडे रोझरीनंतर चणे आणि कुणाकडे केक, हे सगळं तीच बघायची. तशीच ती आताही फिरली. संध्याकाळची घंटा झाली की प्रत्येकाने सगळे बर्नर उघडायचे आणि रोझरी संपेपर्यंत बंद करायचे नाहीत.

"वर काय ठेवायचं?" पास्कोल मास्तरांच्या बायकोने विचारलं.

"काही नको. नुसतं ओढायचं."

"नुसतं कसं? बरं दिसत नाही. मी आपले पिठाचे फुगे तळते."

सिमावच्या दारात मात्र हर्मिनाबाय घुटमळली. सिमाव लग्नाच्या जेवणाची कंत्राटं घ्यायचा. त्याच्याकडे मोठाल्या भट्ट्या होत्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कुंपणाकडे बघत म्हणाला, "माझा हात त्या दिवशी पुढेच होता, हर्मिना. तू बघितलंस."

"बघितलं. कुंपणही बघितलं."

तो आत गेला. घंटा झाली तेव्हा त्याच्या सगळ्या भट्ट्या पेटल्या होत्या.

त्या संध्याकाळी ताडआळीत असा उकाडा झाला की बावखलाच्या पाण्यातले बेडूक बाहेर येऊन रस्त्यावर बसले. घराघरातून रोझरीचा आवाज येत होता, फुग्यांचा वास येत होता. हर्मिनाबाय रेजिनाचा हात धरून तिच्या शेगडीपुढे बसली होती. रोझरीचं दुसरं रहस्य संपलं, आणि मेल्विनची शीळ बारीक झाली. चौथ्याला ती थांबली.

निळी ज्योत होती, पण आवाज नव्हता. रेजिना उठली. तिने पदराने तोंड पुसलं आणि कितीतरी दिवसांनी डब्यातून तांदूळ काढले.

"निजला असेल," ती म्हणाली.

राऊत दुसऱ्या दिवशी सकाळी आला. आळीत शिरायचं म्हणजे हर्मिनाबायच्या ओट्यावरून जावं लागे, म्हणून ही बातमी आधी तिला कळली, आणि दुसऱ्या कुणालाही कळली नाही. तो अगदी खुशीत होता.

"काल तुमच्या आळीने रेकॉर्ड केलं, मावशी. सगळी लाइन रिकामी! मी लगेच वर कळवलं. साहेब म्हणाले, मागणी आहे ना, मग पुरवठा वाढवा. आजपासून दाब वाढवलाय."

"वाढवलाय म्हणजे?"

"म्हणजे खाली जाळ वाढवलाय."

हर्मिनाबाय ओट्याच्या कडेला बसली. "अरे बाबा, आम्हाला नको होता. आम्ही नुसताच ओढत होतो. कमी करायला सांग."

"कमी करायची तरतूद नाही."

"आम्ही सगळ्यांनी शेगड्या बंद केल्या तर?"

"तर तेवढी शिल्लक वाढेल." राऊतला तिचा चेहरा बघून वाईट वाटलं. तो गरीब माणूस होता. "मावशी, तुम्ही एवढं मनाला लावून घेऊ नका. बिलावर फरक नाही पडणार."

तेवढ्यात भिंतीपलीकडे शीळ सुरू झाली. दोन आखूड, एक लांब. पण कालच्यापेक्षा कितीतरी उंच आणि धारदार, आणि मध्ये श्वास घ्यायला जागाच नाही अशी.

हर्मिनाबाय धावत गेली. रेजिना ओल्या हातांनी शेगडीपुढे उभी होती. तांदूळ निवडून ठेवलेले तसेच होते.

"हर्मिना, हा एवढ्या जोरात का ओरडतोय? जास्त झालंय का त्याला?"

राऊत काय म्हणाला ते सांगायला हर्मिनाबायने तोंड उघडलं. जन्मात तिने कुणाची बातमी पोटात ठेवली नव्हती. सिमावचं कुंपण तिनेच सगळ्यांना सांगितलं होतं, पास्कोल मास्तरांचं ऑपरेशन मास्तरांच्या बायकोच्या आधी तिला माहीत होतं.

"वेडी का तू?" ती म्हणाली. "आग कमी झाली म्हणून तर शीळ घालायला दम आलाय पोराला. आधी ऐकलीस ना, कशी मरतुकडी होती?"

रेजिनाने तिच्याकडे पाहिलं, मग ज्योतीकडे. "खरंच?"

"शपथ."

रेजिनाने भात टाकला. त्या दोघी त्या दिवशी एका ताटात जेवल्या.

ही बातमी एकदा सांगून भागणारी नव्हती. रोज सकाळी रेजिना विचारायची, "आज कशी वाटते?" आणि हर्मिनाबाय डोकं तिरकं करून, नाडी बघणाऱ्या डॉक्टरसारखं ऐकून म्हणायची, "कालच्यापेक्षा बरा आहे." शीळ दिवसेंदिवस चढत होती, कारण आळीला दाबाची सवय झाली होती. कुणी दुसरी शेगडी घेतली, कुणी अंघोळीच्या पाण्याला लाइन जोडली. कुणाला दोष देता येत नव्हता. गॅस चांगला होता.

शनिवारी हर्मिनाबाय पापनिवेदनाला गेली. जाळीपलीकडे फादर रेमंड होते.

"रोज खोटं बोलते, फादर. शपथेवर."

"पश्चात्ताप आहे?"

हर्मिनाबायने प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. "नाही."

"निदान पुन्हा करणार नाही, असं म्हण."

"उद्या सकाळी करायचंय, फादर. ती वाट बघत असते."

फादर जाळीजवळ सरकले. मग म्हणाले, "मला क्षमा देता येत नाही, हर्मिना. तुला माहीत आहे त्याचा अर्थ काय होतो."

"माहीत आहे. माझ्या घरी कनेक्शन आहे."

जाळीपलीकडून उसासा आला. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि सवयीने, आपल्यामागे रांगेत कोण कोण आहे, ते पाहून घेतलं.

त्यानंतर ती मिस्सेला जायची, पण क्षमेशिवाय कम्युनियन घेता येत नाही, म्हणून त्या वेळी बाकावर बसून राहायची. आळीने हे लगेच पाहिलं. तिनेच आळीला पाहायला शिकवलं होतं. रेजिनाने काही आठवडे विचारलं नाही. मग एका सकाळी चहा उकळत असताना, शेगडीकडे बघतच तिने विचारलं.

"तू कम्युनियन का घेत नाहीस गो?"

"गुडघे. एवढं उठून जायचं, परत यायचं."

"गुडघे." रेजिनाने चहात साखर टाकली. लहान बर्नरवर शीळ इतकी चढली होती की कपाटातली काच थरथरत होती. दोघी ती ऐकत उभ्या राहिल्या. "आज कशी वाटते?"

"कालच्यापेक्षा बरा आहे," हर्मिनाबाय म्हणाली.

रेजिनाने मान हलवली.  मग तिने चहा गाळला, एक कप हर्मिनाबायच्या हातात दिला आणि म्हणाली, "तू गेलीस की मी तुला ओळखू कशी? तुला तर शीळ घालता येत नाही."

हर्मिनाबायने कप खाली ठेवला. रेजिना तिच्याकडे सरळ बघत होती. त्या नजरेत राग नव्हता.

"मी कधी गप्प बसलेय का?" हर्मिनाबाय म्हणाली.

"ते आहे म्हणा." रेजिना जराशी हसली. "पण वडेवाल्याच्या भट्टीवर जाऊ नकोस, तिथे फार माणसं येतात म्हणून. तू माझ्याकडे ये. इथे, मधल्यावर. मेल्विनच्या शेजारी."

हर्मिनाबायने मधला बर्नर पाहिला. त्याच्यावर भाताची पेज उतू जाऊन वाळली होती. तिने ओलं फडकं घेतलं, तो घासून पुसला, आणि भोकांत अडकलेले कण टाचणीने एकेक करून काढले.