खडूनं लिहिलेलं 'सिक'

दारू पिऊ नका असं सांगणारं पोस्टर पाहून कधी तुमच्या तोंडाला पाणी सुटलंय? खरं सांगा. रायपूरमधल्या आमच्या भनपुरीतले मेश्रामकाका हा प्रश्न रस्त्यात कुणालाही अडवून विचारतात.

काका रेल्वेत वॅगन तपासायचे. हातोडीनं चाकावर ठोकायचं, कान द्यायचा, आवाज बद्द आला की वॅगनवर खडूनं 'सिक', म्हणजे आजारी, असं लिहायचं. मग ती वॅगन गाडीतून बाहेर. काका निवृत्त झाले, खडू खिशातच राहिला. त्यातच रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि प्रत्येक भिंत उपदेश करू लागली. काका पोस्टरवर बोटाच्या पेरानं ठोकतात, कान लावतात आणि शाळेतून येणाऱ्या एखाद्या पोरीला थांबवतात.

"ए पोट्टे, हे पाहून तुले काय वाटून राह्यलं?"

"अंकल, गिलास मस्त है. बर्फ भी डाला है."

"पाह्य," काका माझ्याकडे वळतात. "बर्फ काहून काढला यानं? दारू सोडवून राह्यला का विकून राह्यला?"

आणि खडू चालतो. सिक. कवटीच्या चित्रावरही सिक, कारण ती कवटी पोरांनी सोलून बाईकवर चिकटवली होती. चहाला बोलावलं तरी काका उभ्यानंच पितात, नजर खिडकीतून समोरच्या भिंतीवर.

मी पत्रकं वाचून अक्षरं शिकले, आता पत्रकं-पोस्टरं लिहिते. नेमक्या ओळीनं माणूस बदलतो, यावर माझा विश्वास आहे. म्हणून शाळांसाठी पोस्टर करायचं काम आलं, तेव्हा मी ना गिलास काढला, ना कवटी. फक्त एक ओळ: 'शराब बड़ों की चीज़ है, तुम अभी छोटे हो.' छापायला देण्याआधी नमुना ऐटीत काकांसमोर धरला.

त्यांनी ठोकलं नाही, कान लावला नाही. सरळ खडू काढला. सिक.

मी भडकले. "काका, यात काय बिघडलंय? तुम्हाला तर सगळंच सिक दिसतं."

काका पहिल्यांदाच खुर्चीत बसले. "हे वाक्य माह्यं आहे, पोरी. रोज संध्याकाळी गिलास हातात धरून मी माह्या पोराले, सुनीलले, हेच सांगो. हे मोठ्यायचं असते, तू लहान आहे. पंधराव्या वर्षी त्यानं माह्यीच बाटली उघडली. त्याले मोठं व्हाचं होतं."

काकांनी त्याच दिवशी सोडली. सुनीलनं नाही. तो आता सिलतऱ्याच्या कारखान्यात आहे, तिथंच एकटा राहतो. दर रविवारी काका डबा घेऊन जातात. एकदा मीही गेले. काकांनी दारावर पेरानं ठोकलं आणि लाकडाला कान लावला. बराच वेळ तसेच उभे होते. मग आतून आवाज आला, "रख दो, बाबा." दार उघडलं नाही.

काकांनी डबा उंबऱ्यावर ठेवला. "आवाज साफ आहे. आज घेतली नाही त्यानं," एवढं म्हणाले आणि भराभर चालू लागले.

माझं पोस्टर छापायला गेलं नाही. नवी ओळ अजून सुचलेली नाही. तोवर तुम्ही एक करा. तुमच्या घरात चौदा-पंधरा वर्षांचं कुणी असेल, तर त्याला विचारा, माझ्या बोलण्यातून तुला काय ऐकू आलं? उत्तर येईपर्यंत थांबा. आणि विचारताना हातात गिलास असेल, तर आधी तो खाली ठेवा.